शाई आणि रोग यांच्यामध्ये

४ मार्च
आले बाई एकदाची! नवं इस्पितळ, ऐसपैस प्रयोगशाळा, खिडकीतून समोरचा वॉर्ड दिसतो. काम जुनंच. मोठे सर कर्करोग झालेलं हाड कापून काढतात, मी त्याला बाहेरून निळी शाई फासते आणि पातळ चकत्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघते. रोग शाईला टेकला असेल, तर तो शरीरातही उरलाय. आज एका शाळकरी पोरीच्या मांडीच्या हाडाचा तुकडा आला; त्या जागी धातूची सळई बसवलीय. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात.

१२ मार्च
भिंगरी सुटली! रोग आणि शाई यांच्यामध्ये तांदळाएवढं निरोगी हाड आहे. तिच्या बाबांनी विचारलं, "पाय राहील ना?" मी छातीठोकपणे हो म्हटलं.

१४ मार्च
सरांना दाखवायला तीच काच पुन्हा लावली. रोगानं मधलं अंतर निम्मं भरलेलं. चष्मा बदला म्हणाले. मेली लाज वाटली.

१५ मार्च
खात्रीसाठी पुन्हा बघितलं. आता जेमतेम सुईच्या टोकाएवढं. औषधात मेलेला, काचेला चिकटलेला तुकडा हा! जित्याची खोड मेल्यावरही जात नाही म्हणायचं का? भिंगरीची मांडी कालपासून ठणकतेय म्हणे.

१६ मार्च
नजर रोखून बसले. डोळ्यांदेखत रोग शाईकडे सरकला. नजर हटवली की थांबतो. म्हणजे मी बघते म्हणून— देवा, मीच. काच फोडावी म्हटलं, पण फोडल्यावर पोरीचं काय होईल? कपाटात ठेवून कुलूप घातलं.

१८ मार्च
बघितलं नाही. ठणका थांबला. भिंगरी वॉकर धरून खिडकीपर्यंत आली. मी ढसाढसा रडले.

१९ मार्च
इथला रिवाज— शंका असली की सगळ्या डॉक्टरांनी मिळून बघायचं. एकच काच, पाच जोड्या डोळे. सरांच्या पाया पडले, सगळं सांगितलं. थकलात तुम्ही, म्हणाले. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच होती.

त्याच दिवशी
मला प्रयोगशाळेबाहेर काढलंय. दार आतून बंद. इथल्या व्हरांड्यातूनही वॉर्ड दिसतो. भिंगरी उभी आहे, हसतेय—

आत खुर्च्या सरकल्या. बसले सगळे.

ती मांडी धरून खाली— दार ठोकतेय मी, कुणी ऐकत नाही— बाबांनी तिला उचललं. त्यांनी मला पाहिलंय. तिथूनच ओरडून विचारतायत, पाय राहील—