उशिराचा लसूण

माय, यंदा रिटर्न भरताना मला व्याज लागलं. रिटर्न म्हणजे काय हे मी सांगायला लागले की तू अर्ध्यातच "बरं बरं, जेवनी का?" म्हणशील, हे ठाऊक असूनही लिहिते आहे. वर्षभराची कमाई सरकारला सांगायची आणि त्यावरचा कर चुकता करायचा, एवढंच ते. सचिन गावच्या मिलमधल्या माझ्या नोकरीचा कर पगारातूनच कापला जायचा, त्याची फिकीर नव्हती. पण गेल्या वर्षापासून मी घरी बसून साड्यांच्या छपाईची डिझाइनं करून व्यापाऱ्यांना द्यायला लागले. काम असं चाललं की नोकरी सोडून हेच करावं असं मनात घोळायला लागलं. त्या पैशावरचा कर मी शहाण्यासारखा बाजूला काढून ठेवला होता, रिटर्नच्या वेळी एकदम भरू म्हणून. भरायला बसले तर वर व्याज.

आपल्या नवागामच्या गल्लीत सरकारी कागद आला की शेजारीपाजारी दारात जमायचे, तीच भीती अंगात मुरलेली. गडे, आपली नोकरीच बरी, म्हणत मी व्यापाऱ्यांना नाही कळवायला निघाले होते. आमचे कर बघणारे गुजराती वकील मात्र शांत. "बेन, आ दंड नथी, व्याज छे," म्हणाले; दंड नाही, नुसतं व्याज. कमाई जशी होते तसा कर द्यायचा असतो; जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे हप्ते असतात. मी तो वर्षभर जवळ ठेवला, म्हणून उशिराच्या महिन्यांचं व्याज. मी भांडले, "पण बुडवलंय कुठे? सगळे पैसे तर भरतेय!" ते हसले. "हा, पण मोडा भर्या ने!" उशिरा भरले, हे खरंच होतं. आणि मला एकदम तुझी खानावळ आठवली.

कापडाच्या लूमवर काम करणारी खानदेशची पोरं रांगेने बसली आहेत, तू भाकरी थापते आहेस. पगार पंधरवड्याला, पण एकजण सगळा पगार गावी पाठवून म्हणतो, माय, महिना सरला की एकदम देतो. तू तव्यावरून नजर न काढता म्हणतेस, "जेवन रोजनं शे, मंग पैसा महिना सरावर का बरं? मना चुल्हाले उधारी समजस का?" पीठ तुलाही दुकानातून आणायचं असतं, हे त्या पोराच्या गावीही नसतं. मग त्याच्यापुढे लसणाची टोपली येते. उशीर करील त्याने लसूण सोलायचा, हा तुझा कायदा. पण ताटात भाकरी तीच, वरणाची वाटी तेवढीच. एकदा कुणीतरी त्याला फुकट्या म्हणालं, तर तू उलथणं आपटलंस. "उशीर करा तेनी, चोरी नही करी!"

माय, त्या एका वाक्याने मला वाचवलं बघ. व्याजासकट सगळं भरलं आणि काम सोडलं नाही. सप्टेंबरचा हप्ता तारखेच्या आधी भरला आणि त्याच आठवड्यात नोकरीचा राजीनामा दिला. डिंडोलीच्या घरात आता माझं टेबल आहे, व्यापारी घरी येतात. हे सगळं तुझ्या चुलीवर शिजलेलं आहे, आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे टाकणार? तुझ्या पिठाच्या डब्यात ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. लहानपणी मला त्या उशीर करणाऱ्या पोरांचा हेवा वाटायचा. दिवसभर तू उभीच असायचीस, पण कुणी लसूण सोलायला बसला की त्याच्याजवळ टेकायचीस आणि त्याच्या घरचं विचारायचीस. परवा डिसेंबरचा हप्ताही वेळेवर भरला, काही चुकलं नव्हतं, तरी टोपली घेऊन जमिनीवर बसले. भाजीला लागणार होता त्यापेक्षा खूप जास्त लसूण सोलला, आणि शेजारी जागा ठेवली होती.