दादा एका मेसेजात

११ नोव्हेंबर २००८, मंगळवार
आजपासून उनाडक्या बंद. धंदा सुरू. दूध संघाच्या निवडनुकीत विजयसिंह दादा उभे हायेत. दोन हजार सभासदांच्या मोबाईलवर मेसेज टाकायचं काम पाचशेत अंगावर घेतलं. चौसाळ्यात असलं डोकं दुसऱ्या कुनाचं न्हाई. हिशेब सोपा. एक मेसेज धा पैसे, म्हंजे दोनशे खर्च, तीनशे नफा. आईनं म्हशीच्या पेंडीला डब्यात ठिवलेले दोनशे उचलले. पेंड शनिवारी आनायचीय, तवर परत ठिवतो. चोरी न्हवं, गुंतवनूक.

१२ नोव्हेंबर
दादांनी मजकूर दिला. 'गोरगरिबांचे कैवारी, युवकांचे आशास्थान मा. श्री. विजयसिंह दादा यांचे निवडणूक चिन्ह कपबशी. भरघोस मतांनी विजयी करा.' मेसेजात एकशे साठ अक्षरं मावतेत. बोटावर मोजलं. आरामात बसतंय.

१३ नोव्हेंबर
घात. कम्प्युटरवाला केदारनाथ म्हनला, सटवा, एकशे साठ इंग्रजीत. मराठीत सत्तरच. कावून बे, मराठीनं काय घोडं मारलं? म्हनला, काना, मात्रा, वेलांटी, टिंब, समदं वेगळं अक्षर धरतंय. मोजून दाखवलं. एकशे बारा. मानसामागं दोन मेसेज, खर्च चारशे. मेसेजचं क्रेडिट तर दोनशेचंच घेतलंय.
दादांकडं गेलो. इंग्रजी अक्षरात लिहू का इचारलं. म्हनले, माझे सभासद धारा काढतेत का कॉन्व्हेंटात जातेत? मग 'कैवारी'पासून समद्या पदव्या काढू का? त्यांचा मेहुना रामकिसन म्हनला, पदव्या काढल्या तर दाजीत ऱ्हातं काय? दादांनी त्याच्याकडं बघितलं. मी निघालो.

१४ नोव्हेंबर, सकाळी ११
सापडलं! कम्प्युटरवरच लिहिलंय, 'एकच मेसेज पाठवा, जादा मजकूर गाळा'. टिचकी मारली. जादा काय, ते कम्प्युटरला कळतंच. केदारनाथ म्हनला, आधी वाचून बघ. म्हनलं, भित्रा हायेस. दोन हजार गेले. खर्च दोनशे. कंट्रोल म्हंजे असा.

१२.२०
मला पन आला. '...मा. श्री. विजयसिंह दादा यांचे नि'. संपला.
बरं. पदव्या आल्या, नाव आलं. कपबशी लोकांला म्हाईतच हाय.

१.०५
शेजारची छबुबाई रडत आली. दादा गेले म्हने. कुनी सांगितलं? तर मोबाईलवर आलंय, 'यांचे नि'. पुढचं 'धन' लिहिताना लिहिनाराचा हात थरथरला असंल म्हने.

१.४०
बाजार बंद. मन्मथप्पानं किराना दुकानाचं शटर ओढलं. सांगितलं, दादा जित्ते हायेत. म्हनला, मला लॉटरी लागली म्हून तूच फोन केलता न्हवं? मेल्या मानसाची तरी मस्करी करू नको.

३.००
नेकनूरहून टेम्पो भरून मानसं आली, हार घिऊन. दादा बनियनवर दारात आले. एक म्हातारा त्यांच्याच गळ्यात पडला, तुमचा भाऊ लई देवमानूस व्हता म्हनला. हे समदं केदारनाथनं बघून येऊन सांगितलं. मी त्याच्या दुकानात कम्प्युटरच्या मागं बसलोय. रामकिसन दुकानापुढून दोनदा गेला. हातात काठी. फिरायला निघाला असंल.
दुरुस्ती तयार हाय. 'दादा जिवंत आहेत.' सोळा अक्षरं, झकास बसतंय. क्रेडिट शून्य.

३.२५
रामकिसन तिसऱ्यांदा गेला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दादा उघड्या जीपमधी गावोगाव हिंडायलेत. लाउडस्पीकरवर सोताच सांगायलेत, मी हाय, मी हाय. आईनं डबा माझ्यापुढं उपडा केला. म्हशीला नुसता कडबा. म्हनलं, सोमवारी.

१७ नोव्हेंबर, सकाळी
काल मतदान झालं. दादा एकशे चाळीस मतांनी निवडून आले! लोक म्हनायलेत, गेलेला मानूस दारात येऊन हात जोडतोय, त्याला न्हाई कसं म्हनावं? म्हंजे माझ्यामुळंच. पाचशे लई कमी सांगितले. हजार मागतो. पुढच्या वक्ताला समद्या तालुक्याचं काम आपल्याकडंच.

१७ नोव्हेंबर, दुपारी
गेलतो. दादा हारात बुडालेते. हातावर पेढा ठिवला. मी बिल पुढं केलं. दादांनी सावकाश वाचलं, घडी घालून माझ्याच खिशात घातलं. म्हनले, मेलेल्या मानसाकडून पैसे घेतेत व्हय बे?
समदे हासले. रामकिसन लई येळ हासला.
पेढा न खाता घरी आनला. आईनं तो म्हशीला चारला.