नव्व्याण्णव टक्के

४ मार्च
परत अडलं! बाबांच्या कॉम्प्युटरवर ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर काही केल्या बसत नाही. नजर अधू झाली, पेपर वाचता येत नाही, म्हणून हा सगळा आटापिटा. आणि बसवणारा प्रोग्राम लिहिलाय कोणी? मीच! साठ सेकंदांत डाउनलोड संपलं नाही, की तोडून टाकतो आणि पुन्हा शून्यापासून. बाबांच्या गावचं नेट म्हणजे गोगलगाय. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

५ मार्च
आता रोज सहाला फोन करून विचारते, कुठवर आलं. एरवी, आई गेल्यापासून, आमचा फोन रविवारचा — "बरी आहे, ठेवते." संपलं!
आज वैतागून त्यांना सगळं सांगितलं. बाबा जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर. म्हणाले, "अगं ठमाबाई, जोडलेल्या फोनची पिन घड्याळ बघून काढायची नसते. ओळीवर आवाज आहे तोवर राहू द्यायची. गप्प झाली, की मग काढायची."
डोक्यात लख्ख!

६ मार्च
ऑफिसात दिवसभर तेच. एकूण वेळ मोजणं बंद. थेंब थेंब का होईना, डेटा येतोय तोवर थांबायचं. तीस सेकंद काहीच आलं नाही, तरच तोडायचं. आलेलं फेकायचं नाही, तिथूनच पुढे. मोठी फाइल चार तुकड्यांत एकदम.
शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, "एवढं साधं आपल्याला सुचू नये?" म्हटलं, आपण कुठे ऑपरेटर होतो!

९ मार्च
साहेब खूश. तक्रारी निम्म्यावर आल्या. बाबांचं एक्याण्णव टक्के!

१० मार्च
चौऱ्याण्णव. तासभर बोलत बसलो. आई लग्नाआधी दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजात होती म्हणे. लोकांचे फोन जोडता जोडता यांचंच जुळलं! आणि हे मला आज कळतंय. बाबा इतके गप्पिष्ट आहेत, हेसुद्धा.

१२ मार्च
सत्त्याण्णव. आज बाबांनी आईची नक्कल केली. हसून हसून पोट दुखलं.

१४ मार्च
नव्व्याण्णव, आणि तिथेच! लाज आणली या प्रोग्रामने. उलट बाबाच माझी समजूत काढतात — "होईल गं. घाई कसली? उद्या कर फोन."

१५ मार्च
त्यांच्या कॉम्प्युटरने पाठवलेल्या नोंदी शेवटी उघडल्या. आधीच बघायला हव्या होत्या! प्रोग्राम कुठेही अडलेला नाही. रोज पावणेसहाला नेटची वायर जोडलेली. डाउनलोड अगदी नीट चालू. आणि रोज सहाला पाच कमी असताना वायर काढलेली. हाताने.
टेबलावर डोकं ठेवून रडले. चष्मेवालीने पाणी आणून दिलं.

१६ मार्च
सहाला फोन केला. म्हटलं, "बाबा, आज होऊ द्या पूर्ण. मी उद्याही सहाला करणारच आहे."
ओळ गप्प झाली. तीस सेकंद झाले. मिनिट झालं.
मी फोन ठेवला नाही.