मेजाआड पाय लपवणार नाही

असाकुसा, टोकियो
६ डिसेंबर

चि. सौ. शिझुएस तामोत्सुदादाचे अ. उ. आ.

मिक्काबीची संत्री पोचली. निम्मी कोनामीने फस्त केली. माझी शिष्या असली तरी संत्र्यांच्या बाबतीत ती कुणाला गुरू मानत नाही.

नव्या वर्षाचा संकल्प काय, असं विचारलंस. यंदा एकच आहे. जानेवारीत आमच्या कथेकरी घराण्याची वर्षातली पहिली बैठक. शेवटची पाळी मानाची, ती कित्येक वर्षं माझी. पण शस्त्रक्रियेनंतर गुडघा फार वेळ मुडपत नाही. सभागृहाचे व्यवस्थापक ओकुमुरा येऊन म्हणाले, त्यात काय एवढं, पुढ्यात बुटकं मेज ठेवू, त्याआड पाय खुशाल पसरा, कमरेखालचं कोण बघतंय!

मेज घेणाऱ्या म्हाताऱ्या कलावंतांना मी नावं ठेवत नाही. पण मी घेणार नाही. राकुगो म्हणजे काय, शिझुए? एक माणूस, एक आसन, एक पंखा, एक रुमाल. एवढ्यावर अख्खी गल्ली उभी करायची, भांडणाऱ्या नवराबायकोसकट. समोरचा सुतार, मासेवाली, शाळामास्तर चटईवर पाय मुडपून बसतात, म्हणून मीही बसतो. सरदारापुढे वाकलेले गुडघे लाचारीचे असतील. हसायला आलेल्या माणसांपुढे वाकलेले गुडघे बरोबरीचे आहेत. ते मी लाकडाआड लपवणार नाही.

तेव्हा संकल्प असा: मेजाशिवाय बसायचं. अडचण इतकीच, की डॉक्टरांच्या मते गुडघा चहा गार होईपर्यंत टिकेल, आणि शेवटची कथा तासभराची असते.

तुझ्या नवऱ्याच्या रंगाच्या पिंपांना माझा नमस्कार सांग. गुडघ्यावर नको, माझ्यावर लोभ ठेव.

तुझा
तामोत्सुदादा


हामामात्सु
१३ डिसेंबर

ती. दादास शिझुएचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हे म्हणाले, तुझ्या भावाला घरात एकट्याने भाषण करू देत जाऊ नकोस, भिंतींना तडे जातील. मी हसले, पण काळजी गेली नाही.

दादा, तुझे संकल्प मी लहानपणापासून बघते आहे. साके पिणं सोडणार होतास, शिष्यांवर ओरडणं सोडणार होतास. नव्या वर्षाच्या सातव्या दिवशीची सात भाज्यांची पेज शिजेपर्यंत एकही संकल्प जगला नाही. तसाच हाही मोडला तर तुला कुणी हसणार नाही. पण ऐन कथेत गुडघ्याने दगा दिला आणि चौघांनी तुला उचलून न्यायची वेळ आली, तर? लोक तुझा चेहरा बघायला येतात. मेज घे आणि सुखाने तासभर बोल. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, फक्त जरा मोठ्याने.

तू ऐकणार नाहीस, हे ठाऊक आहे. म्हणून ह्यांनी रंगवलेल्या जांभळ्या कापडाचं आसन शिवून पाठवते आहे. कापूस नेहमीपेक्षा जास्त भरलाय. दुखलं तर बहिणीला शिव्या न घालता ऊठ.

मुलांचे नमस्कार. हट्ट कमी आणि माया आहे तेवढीच असू दे.

तुझी
शिझुए


असाकुसा
२३ डिसेंबर

चि. सौ. शिझुएस अ. उ. आ.

आसन मिळालं. बाबांनी शिकवलेला हात तुझ्या टाक्यांत आहे.

गणित सुटलं. तासभर बसता येत नाही ना? मग चहा गार होईपर्यंतची पाळी घ्यायची. तशी पाळी आहेच: पहिली, सगळ्यांत लहान उमेदवाराची. लोक चपला काढत असतात, कुणाचं लक्ष नसतं, तेव्हाची. ती मी घेतो आणि शेवटची कोनामीला देतो. ओकुमुरांना चहाचा ठसका लागला. म्हणाले, तिकिटं तुमच्या नावावर खपतात, वर्षाच्या पहिल्याच बैठकीचा शेवट एका बाईकडे दिला तर लोक मधूनच उठतील. मी म्हटलं, उठले तर माझा गुडघा तरी त्यांना दारापर्यंत सोडायला येईल.

कोनामीनेही नकार दिला. तिचं म्हणणं, शिष्येने शेवटी आणि गुरूने आधी बसायचं, हे जगाआगळं. मी ओरडलो, तेव्हा तयार झाली. म्हणजे न ओरडण्याचा जुना संकल्प यंदा नवं वर्ष लागायच्या आतच मोडला, तुझी पेज वाचली. पण मेज घेऊन वर बसण्यापेक्षा गुडघे मोडून खाली बसणं मला मोठं वाटतं, आणि माझ्यामागे घराणं रिकामं नाही, हे माझ्या डोळ्यांदेखत लोकांना कळायला हवं.

पहिल्या पाळीवाल्याचं आणखी एक काम असतं: प्रत्येक पाळीनंतर आसन उलटायचं. बिनशिवणीची बाजू प्रेक्षकांकडे, नाहीतर त्यांच्याशी नातं तुटतं म्हणतात. कोनामी उमेदवार असताना यात एकदा चुकली, तेव्हा मी तिला आठवडाभर नुसती आसनंच उलटायला लावली होती. तिच्या पाळीसाठी मात्र आसन मीच घालणार.

बैठक पाच तारखेला. आशीर्वाद मी देतो, काळजी तू कर, असंच चालू राहो.

तुझा
दादा


हामामात्सु
८ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. शेजारच्या मोरितांचा मुलगा बैठकीला होता. त्याने आईला फोनवर सांगितलं, की तू कथा सांगत नव्हतास तरी सगळं सभागृह तुला हसलं, आणि मग ती पोरगीही तुला काहीतरी बोलली. मोरितावहिनींनी हे मला इतक्या हळव्या आवाजात सांगितलं, की मी घरी येऊन चूल न पेटवता बसले.

पडलास का? मेजाचं नाव पुन्हा काढणार नाही. दोन ओळी लिही, मग वाटेल तेवढा गर्व कर.

तुझी
शिझुए


असाकुसा
११ जानेवारी

चि. सौ. शिझुएस अ. उ. आ.

चूल पेटव. पडलो नाही.

पहिली पाळी झाली. उमेदवारांना प्रथम शिकवतात ती छोटीशी कथा सांगितली, मेजाशिवाय. लोकांनी चपला काढायच्या थांबवल्या. गुडघा शेवटच्या वाक्यापर्यंत टिकला, आणि उठताना कण्हलो ते कथेतल्या म्हाताऱ्याच्या खात्यावर घातलं.

मग कोनामीची पाळी आली. मी मंचावर गेलो, तुझं जांभळं आसन ऐटीत उलटलं, तिच्या नावाची पाटी लावली आणि वळलो. पुढच्या रांगेतून हसू फुटलं, मग मागून, मग सगळीकडून. आयुष्यभर ज्यावरून पोरांना फैलावर घेतलं, तेच मी केलं होतं. तुझी शिवण प्रेक्षकांकडे डोळे वटारून बघत होती! चाळीसेक वर्षांत माझं आसन दुसऱ्यांनीच घातलं, हात विसरले. मी परत गेलो, आसन फिरवलं, वाकून माफी मागितली. हसू आणखी वाढलं.

कोनामी आली. बसली. नमस्कार केला. हसू ओसरेपर्यंत थांबली, अगदी हवं तेवढंच, आणि मी गेलो त्या दिशेला मान वळवून शांतपणे म्हणाली,

"नवीन आहे पोरगा. शिकेल."

शिझुए, कौलं हलली. ओकुमुरा भिंत धरून हसत होते. त्यानंतर तासभर तिने सभागृह मुठीत ठेवलं. एकही माणूस उठला नाही. मी पडद्याआड पाय पसरून बसलो होतो, तिथे पसरायला माझी हरकत नाही, आणि असा ताठ बसलो होतो की कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, पाळी माझीच चालली आहे.

नंतर ती माफी मागायला आली. मी बजावलं, या वाक्याची माफी मागशील तर शिष्या म्हणून दिलेलं नाव काढून घेईन. गुरूची चूक झाकणारे शिष्य ढीगभर मिळतात. ती चूक उचलून, तिच्यावर उभं राहून सभागृह जिंकणारी एकच निघाली, आणि ती माझी आहे. मोरितावहिनींना हे तशाच हळव्या आवाजात सांग.

संकल्प काल कुंचल्याने लिहून भिंतीवर लावला: यंदा आसन नीट घालायला शिकणे. आज सकाळी बघतो तर खाली बारीक अक्षरांत कुणीतरी लिहिलंय: बघू.

पुढच्या आसनाला जास्त कापूस नको, गुडघा माजतो. शिवण मात्र अशीच ठळक असू दे, आणि लोभही.

तुझा
नवीन पोरगा