जित्याच्या तसबिरीला हार

धार, ३० ऑगस्ट १९५५

तीर्थरूप सौ. सुमंगलाअक्कास,
नारायणचे शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. माझा खोकला कमी आहे. यशवंतरावांच्या गुडघ्याला तेल लागू पडलं का?

धारहून कोणी येऊन काही बोललं, तर आधी हे पत्र वाच. आपल्या भगवंताच्या तसबिरीला इथे हार घातला, हे खरं. त्याची वाईट बातमी आली, हे खोटं. बातमीच आलेली नाही.

पंधरा तारखेला गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, ते पेपरात वाचून मी चित्र काढायला बसलो. जन्मभर दरबारी तसबिरींत सरकारांच्या मिशांना पीळ भरला, संस्थान गेल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. वाटलं, हा हात एकदा तरी देशाच्या कामी येऊ दे. पोर्तुगीज शिपाई मी कुठला पाहिलेला? महूच्या छावणीतला गोरा आठवून काढला. झेंडा धरलेला पोरगा काढताना मात्र आपला भगवंतच उतरला. अक्का, मी त्याला उभा काढलाय. पडलेला नाही.

चित्र वाचनालयात टांगलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यावर झेंडूचा हार! आपल्यात जित्याच्या तसबिरीला हार घालतात का? मी तो ओढून काढला, तर शेजारचा मिठाईवाला माझ्यावरच उखडला. "अरे भिया, शहीद के हार नी चढ़ेगो तो किनके चढ़ेगो?"

"माझा भाचा आहे तो! जिवंत आहे!" मी ओरडलो. कोणी 'हो' म्हणालं नाही.

आता टाळत होतो ते लिहितो. पोर न सांगता गोव्याच्या सत्याग्रहाला पळालं, असं तू समजतेस. तो आधी माझ्याकडे आला होता. अर्जावर वडिलांची सही हवी होती आणि यशवंतराव ती देणार नव्हते. त्यांची सही मी केली. दरबारात हात बसलेला, हुबेहूब केली. तो पाया पडला तेव्हा "जपून राहा" म्हणायचं सोडून मी म्हणालो, "सगळं नीट बघून ये, मला चित्राला हवंय." अक्का, मला लाज वाटते.

उद्या सकाळच्या मोटारीनं महू, तिथून रेल्वेनं बेळगाव गाठतो. तिथली इस्पितळं पालथी घालीन. सापडला तर त्याला घेऊनच देवासला येईन. न सापडला तर तुझ्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहू, ते मला सुचत नाही.

सहीचं यशवंतरावांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. 'तुझा भाऊ' असं आज लिहवत नाही.

भगवंताचा मामा,
नारायण