शनिवारचा साबुदाणा

पारनेर, रविवार, ९ डिसेंबर १९७३

आज नळीतला रंग हिरवा! दोनदा तापवून पाहिलं, हिरवाच. नाहीतर दर रविवारी लघवीतली साखर तपासली की विटकरी रंग ठरलेला, म्हणजे साखर भरपूर. मला कोडं पडे, आदल्या दिवशी तर शनीचा उपवास, मग साखर वाढते कशी? परवा डॉक्टरांनी विचारलं, "मास्तर, उपवासाला खाता काय?" म्हटलं, साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं. ते हसूच लागले. "याला उपवास म्हणता? त्यापेक्षा भाकरी, मेथी, मटकी खा."

मी जन्माचा शाकाहारी, म्हणून निर्धास्त होतो. वडीलही शाकाहारीच होते, आणि याच मधुमेहात त्यांचा पाय कापावा लागला. हे आधी का नाही सुचलं मला?

काल शनिवार असून नव्या बाजरीची भाकरी खाल्ली. चवीला छान, पण मनात धाकधूक. शनी कोपला तर? सौ. तर दिवसभर बोलली नाही.

आज मात्र ती हिरवी नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचे शनिवार आता मी करते. शनिमहाराजांना काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही भाकरी खा."