सूप न प्यायल्याबद्दल

तीर्थरूप मामीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे फक्त डोकं वाकवतो आहे. उरलेली सात अंगं तुम्ही धरून चाला.) तुमचे गुडघे कसे आहेत? दुकानातल्या वरच्या फळीवरची बटणं काढायला अजून स्टुलावर चढता का? चढू नका. गिऱ्हाइकाला म्हणावं, खालच्या फळीवरच्या रंगाचं घ्या. माझी तब्येत उत्तम आहे, आणि मामी, खरं सांगायचं तर तीच सगळी अडचण होऊन बसली आहे.

तुमच्याकडे एक काम आहे. काम म्हणजे काय, एका कागदावर एक सही. पण त्या सहीवर सात जणांची चार-चार वर्षं, माझी नोकरी आणि आमच्या आचाऱ्याची अब्रू अडकली आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. चहा घेऊन बसा.

भाचा काय करतो असं कोणी विचारलं की तुम्ही सांगता, शर्यतीत सायकल चालवतो. ते अर्धंच खरं आहे. मी पाणक्या आहे. आमच्या टीममध्ये आठ जण. त्यातला एक जिंकायचा आणि बाकीच्या सातांनी त्याला वारा लागू द्यायचा नाही, अशी वाटणी आहे. त्या सातांतही पाण्याचं खातं माझ्याकडे. मागे पडायचं, टीमच्या गाडीतून बाटल्या घ्यायच्या, बनियनच्या आत पुढून-मागून खुपसायच्या (तेव्हा मी नऊ महिने भरल्यासारखा दिसतो), आणि पुन्हा धापा टाकत पुढे जाऊन वाटायच्या. त्यातली अर्धी बाटली आमचा लीडर डोक्यावर ओतून घेतो. अकरा वर्षांत मी काहीही जिंकलेलं नाही. एकदा रेल्वे फाटकापाशी सगळे अडकले आणि मी तेवढा निसटलो, तेव्हा चार मिनिटं पहिला होतो. पण मागे-पुढे कोणीच नाही म्हटल्यावर मला करमेना, म्हणून थांबलो.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे औषध हा शब्द कोणी काढत नाही. 'तयारी' म्हणतात. अमक्याची तयारी चांगली आहे, तमक्याची या वर्षी कमी पडली. गेल्या वर्षी मॅनेजरने मला बोलावून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तयारीची कोणावर जबरदस्ती नाही, मात्र पुढच्या वर्षीच्या करारात माझं नाव त्याने शिसपेन्सिलीने लिहिलं आहे. मी हो म्हणालो. मामी, मला नाही म्हणता येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? शेजारच्या मास्तरांनी व्हायोलिन शिकतोस का म्हणून सहज विचारलं आणि मी तीन वर्षं शिकलो. शेवटी त्यांनीच हात जोडले.

तर टीमचे डॉक्टर सुई घेऊन आले. सुई पाहून मी पडलो, तो नेमका डॉक्टरांच्या अंगावर, आणि त्यांचा चष्मा फुटला. तेव्हापासून मला गोळ्या ठरल्या. गोळीने काय होतं असं मी विचारलं, तर म्हणाले, थकवा येत नाही. माझी पाचावर धारण बसली. अहो, मला झोप येते ती फक्त थकल्यामुळे! तोच गेला तर मी रात्री करू काय? पण डॉक्टरांचं मन कसं मोडणार? मी गोळी गालात धरायचो, मान डोलवायचो आणि खोलीत गेल्यावर बेसिनमध्ये सोडून द्यायचो. हे वर्षभर चाललं. पहिल्या गोळीनंतरच्याच शर्यतीत माझा एकतिसावा नंबर आला आणि डॉक्टर सगळ्यांना सांगत सुटले की याला गोळी फार मानवली. तेव्हा यात तत्त्व वगैरे शोधू नका. मी घाबरट आहे म्हणून स्वच्छ राहिलो.

मग ती तुमच्या गावी झालेली शर्यत. सायकली टेकवतो न टेकवतो तोच तपासणीवाले आले आणि आम्हा आठही जणांना घेऊन गेले. ती तपासणी म्हणजे काय ते सांगायला लाज वाटते. हातात एक लहान बाटली देतात आणि समोर एक गृहस्थ उभा राहून टक लावून बघतो. बाकीच्यांचं पाच मिनिटांत आटोपलं. माझं काही केल्या होईना. दिवसभर दुनियेला पाणी पाजणाऱ्या माणसाला ऐन वेळी थेंब येऊ नये, याला काय म्हणावं! सहा ग्लास पाणी झालं, नळ सोडून झाला. तो गृहस्थ बिचारा बघून बघून कंटाळला आणि मला त्याच्या मुलीच्या लग्नाचं सांगायला लागला. त्याचा जावई ठरेपर्यंत माझं काम झालं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. सात जण सापडले, म्हणजे प्रत्येकी चार वर्षं बंदी. आठवा मी.

मामी, तुम्ही म्हणाल, वा! पण मीटिंगमध्ये मॅनेजरने माझ्याकडे असं बघितलं की जणू सापडलो तो मीच. सात जणांनी आपापली कारणं आधीच जुळवून आणली होती. एकाचं म्हणणं, बायकोचं केसांचं तेल. दुसऱ्याने पाकिटाचा डिंक चाटला होता. लीडरच्या कुत्र्याला कसलंसं औषध चालू होतं आणि तो कुत्रा फार प्रेमळ होता. टीमचे वकील डोक्याला हात लावून बसले. सात माणसांची सात कारणं म्हणजे बाजार दिसतो, म्हणाले, सगळ्यांचं मिळून एकच कारण काढा. मग सूप निघालं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं मटणाचं सूप घेतलं, आचाऱ्याने मटण कुठूनतरी स्वस्तातलं आणलं, आणि त्या जनावराला वजन वाढवायचं औषध दिलेलं होतं. डॉक्टरांनी मान डोलवली. सगळ्यांचे चेहरे खुलले. तेवढ्यात वकिलांनी विचारलं की पातेलं एक, ताटं आठ, मग हा आठवा कोरडा कसा राहिला? इथे घोड्याने पेंड खाल्ली. सगळे माझ्याकडे वळले.

आता खरी गोष्ट अशी की त्या संध्याकाळी मी दोन वाट्या सूप प्यायलो. मी नेहमी शेवटी जेवायला पोचतो (बाटल्या धुण्याचं खातंही माझ्याकडेच आहे) आणि आचारी माझ्यासाठी तळाचं दाट सूप झाकून ठेवतो. बावीस वर्षं तो टीमच्या मागे पातेली घेऊन हिंडतो आहे. पण माझ्या दोन वाट्या धरल्या तर सूप निर्दोष ठरतं आणि ते सात जण जातात. माझ्या वाट्या नसतील तर सात जण सुटतात आणि आचारी जातो. मी गप्प बसलो. गप्प बसलं की लोक हो समजतात, हे मला फार पूर्वीच कळलं आहे.

वकिलांनी विचारलं की मी त्या संध्याकाळी दुसरीकडे कुठे जेवलो असेन का, आणि मी बोलायला काहीतरी हवं म्हणून बोलून गेलो की त्या गावात माझी मामी असते. झालं! दोन दिवसांत त्यांनी तुमची सगळी माहिती काढली. तुमच्या शेजारचा शिंपी म्हणाला म्हणे, ती बाई स्वतःच्या दुकानातला दोरा गिऱ्हाइकाला देताना सांगते की हा रंग सोडतो, घेऊ नका. वकील इतके खूश झाले! असा साक्षीदार लाखात मिळत नाही, म्हणाले. मला त्या क्षणी तुमचा अभिमान वाटला.

बाकी सर्व क्षेम. आमची बस सध्या वर्कशॉपच्या मागे उभी आहे आणि मी मागच्या सीटवर बसून लिहितो आहे. मेकॅनिक साखळ्या धुतो आहे, पण माझी सायकल त्याने तेवढी बाजूला ठेवली आहे. जिना जपून उतरा.

तुमचा आज्ञाधारक (हीच तर खोड आहे) भाचा,
सुतळी
(टीममध्ये सगळे हेच म्हणतात. वजनावरून पडलं.)

ता. क. १ : काम लिहायचं राहिलंच. सोबतच्या कागदावर असं लिहिलं आहे की त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे जेवलो. खाली सही करायची. आता आधी माफी मागतो. मी तुमच्या गावात दोन दिवस होतो, हॉटेलपासून तुमचं घर पंधरा मिनिटांवर होतं, आणि मी आलो नाही. शर्यतीच्या दिवशी तुम्ही दुकानाबाहेर मोजपट्टी हातात घेऊन उभ्या होतात, तेही मी पाहिलं. अंगावर बाटल्या होत्या, हात मोकळा नव्हता. पण मान तरी हलवता आली असती. न आल्याबद्दल रागवा, आणि आलो होतो अशी सही करा, असं हे विचित्र काम आहे.

ता. क. २ : वकिलांनी सांगितलं आहे की तपशील दोघांचे जुळायला हवेत. तर मी सात वाजता आलो. चपला बाहेर काढल्या. तुम्ही म्हणालात, किती वाळलास. मी आधी नको म्हणालो, मग दोनदा वाढून घेतलं. टीममध्ये कसं चाललंय असं तुम्ही विचारलंत आणि मी सगळं सांगून टाकलं, गोळ्यांचंसुद्धा. तुम्ही सुईदोरा आणलात. मग माझ्या जर्किनचं सुटलेलं बटण लावून दिलंत. (हे शेवटचं वकिलांनी सांगितलेलं नाही. माझंच मला सुचत गेलं. लिहून होईपर्यंत मला भूक लागली आणि थोडं रडूही आलं.)

ता. क. ३ : पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी आचारी बसपाशी आला होता. भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्याने एवढंच विचारलं की त्या दिवशीचं सूप पोटाला बाधलं का तुला, कारण बाकीच्यांना तो विचारू शकत नाही, ते त्याच्याशी बोलत नाहीत. मी म्हणालो, चांगलं होतं. तो बरं म्हणाला आणि पातेली घासायला गेला.

मामी, सही करू नका. मला मॅनेजरला नाही म्हणवत नाही, मी तीन दिवस बसच्या आरशासमोर करून पाहिलं, तोंडातून हो-च येतं. तुम्ही म्हणा. पण उत्तराच्या पाकिटावर माझं नाव घालू नका, मॅनेजरचं घाला, नाहीतर मी ते खिशात ठेवून देईन. आणि चांगलं रागावून लिहा, मलाही चार वाक्यं ऐकवा. पत्र मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं जाईल. मग वकील माझ्याकडे वळून विचारतील की म्हणजे तू सूप प्यायला होतास का? तेव्हा मला फक्त हो म्हणायचं आहे, आणि तेवढं मला येतं.